रुखवतातला वाडगा

वनमाला भांडुपच्या चाळीत लेथवर लाकडाचे वाडगे कातते. नवरा कारखान्यात टर्नर होता. तो गेला, लेथ राहिला, आणि बाईनं त्यावर हात बसवला. शेजारच्या इमारतीचा सेक्रेटरी श्यामकांत याला त्या घरघरीचा भारी त्रास. तक्रारी करकरून त्यानं एकदा तिचं मशीन चार महिने बंद पाडलं होतं. तेव्हापासून हा माणूस समोर आला की वनमालाच्या कपाळाची शीर उडायची, आणि का उडू नये? त्या अख्ख्या इमारतीत तिला "काकू" म्हणून थांबणारी एकच, श्यामकांतची मुलगी दीप्ती. वनमालाचा तिच्यावर जीव होता.

इमारतीच्या आवारातलं फणसाचं झाड तोडलं तेव्हा श्यामकांत स्वतः वॉचमनच्या डोक्यावर ओंडका देऊन तिच्या दारात हजर.

"दीप्तीचं लग्न आहे पंधरा दिवसांवर. रुखवतात ठेवायला मोठा वाडगा हवा. एवढी वर्षं आवाज ऐकला तुमचा, आमच्या पण कामाला येऊ दे जरा."

कापलेल्या जागी अजून चीक सुटत होता. असलं ओलं लाकूड आधी जाडसर कातायचं, भुशात पुरून महिनोन् महिने सुकवायचं, मग पुन्हा कातून बारीक करायचं. घाई केली की तडकतंच. हे तोंडावर सांगायला हवं होतं. पण टोमणा मारून त्याचं ते हसणं तिच्या डोक्यात गेलं.

"होईल की," ती म्हणाली.

आणि तिनं एका दमात पातळ, गुळगुळीत, पिवळाधमक वाडगा करून दिला. तडकू दे, चारचौघांत नाक कापलं जाऊ दे त्याचं, एवढंच तिच्या मनात. वाडगा नांदायला कुणाबरोबर जाणार, हे रागाच्या भरात सुचलंच नाही.

दोन महिन्यांनी दीप्ती मुलुंडहून आली ती पिशवी घेऊनच. वाडगा वेडावाकडा झालेला, बुडापासून काठापर्यंत चिरलेला. सत्यनारायणाला सासूनं त्यात प्रसादाचा शिरा काढला आणि पाहुण्यांसमोर तूप गळायला लागलं. माहेरहून फुटकं भांडं घेऊन आली, म्हणून पोरीला येताजाता ऐकवतात.

"बाबा म्हणतात, तुम्ही मुद्दाम केलं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझ्या लग्नात काकू असं करणारच नाहीत. तेव्हापासून आम्ही बोलत नाही."

लाकूडच खराब निघालं, एवढं म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. श्यामकांतला घरातूनच चपराक बसली असती. वनमालाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"खरं बोलतात तुझे बाबा," ती म्हणाली. "राग त्यांच्यावर होता गं."

"पण घर माझं होतं ना, काकू?"

दीप्तीनं वाडगा पिशवीत घातला आणि ती गेली.

हल्ली ती माहेरी येते तेव्हा चाळीसमोरून न थांबता जाते. वनमाला लेथ बंद करून दारात येते, हाक मारायला तोंड उघडते, आणि तशीच आत जाते.