निळ्या कापडाचे चार कान

सिंगापूरच्या बेडोकमधल्या, दानात आलेलं जुनं सामान विकणाऱ्या त्या चॅरिटी शॉपचं शटर मंगळवारी सकाळी दहाला वर जायचं आणि शुभाताई पावणेदहापासून दारात उभ्या. रांगेत दुसरा नंबर लागला तर त्यांचा अख्खा दिवस वाईट जायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आता यात हसण्यासारखं काही नाही बरं का. नऊ वर्षांपूर्वी मनोहररावांना चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी लागली, पुण्याचं बिऱ्हाड सिंगापूरला आलं, आणि मुलींच्या शाळेत अठरा वर्षं शिवण शिकवणाऱ्या बाई इथे आल्यावर नुसत्या 'डिपेंडंट' झाल्या. राहायच्या परवान्यावर, पासवर, तसं छापूनच येतं. मग बाईंनी करायचं काय? हात तर शिवशिवतातच.

दुकान म्हणजे ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कपबश्या, फुलदाण्या, कोणाकोणाचे कोट. शुभाताई तिकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्यांचा मोर्चा थेट मागच्या खोलीतल्या शिवणसामानाकडे. जॅमच्या बाटल्यांत भरलेली बटणं, रबर लावून बांधलेल्या चेन, लेसची रिळं, भरतकामाचे दोरे, आणि खाली मोठ्या टोपलीत कापडाचे तुकडे. टोपलीत वरवर उकरायचं नाही, आधी तळाला हात घालायचा. कापड चिमटीत चोळून बघायचं. सुती असलं तर बोटांना कळतं, लेबल वाचावं लागत नाही. एक डॉलरला बारा रिळं मिळाली त्या दिवशी त्यांनी पुण्याला बहिणीला फोन करून अर्धा तास सांगितलं होतं. बहीण म्हणाली, "अगं, तू सोनं घेतल्यासारखं सांगतेयस." त्यावर शुभाताई म्हणाल्या, "सोन्याला कोण रांग लावतंय?"

"आई, ही तिसरी पिशवी. इनफ लाह," इशिता म्हणायची. लेक पंधरा वर्षांची, जन्म पुण्याचा, जीभ सिंगापूरची.

"तुझ्या शाळेच्या स्कर्टची चेन कुठून आली? आणि उशांचे अभ्रे?"

इशिता मुकाट पिशवी उचलायची.

चिनी नववर्षाच्या आधीचे दोन आठवडे म्हणजे दुकानाचा सुगीचा काळ. घरोघरी साफसफाई निघते, जुनंपानं बाहेर पडतं. गेल्या वर्षी त्याच दिवसांत काउंटरवरच्या जॉयसने, ही साठीची, विनापगारी काम करणारी बाई, शुभाताईंना खुणेनं मागे बोलावलं आणि टेबलाखालून एक डबा काढला. खुर्चीच्या बैठकीएवढा चौकोनी पत्र्याचा बिस्किटांचा डबा. "तुझ्यासाठी ठेवला. पाच डॉलर."

झाकण उघडलं आणि शुभाताईंच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. आत कापलेले चौकोन, रंगाप्रमाणे गठ्ठे करून दोऱ्यानं बांधलेले. सगळी वापरून वापरून मऊ झालेली कापडं. काही चौकोन एकमेकांना जोडलेले, इतक्या बारीक टाक्यांनी की बाईंनी चष्मा काढून डोळ्यांजवळ धरून बघितले. तळाशी घडी घातलेलं एक मोठं निळं कापड, त्यावर बोटाच्या पेराएवढे पांढरे मासे. आणि वरच्या जोडकामात, अर्ध्या टाक्यात, सुई तशीच टोचलेली.

ती सुई बघून त्यांना आईच आठवली. त्यांची आई सासवडची. अर्ध्या शिवणात सुई ठेवून ती कधी जेवायलासुद्धा उठली नाही. "अर्ध्या शिवणातली सुई घरातल्या माणसाला टोचते," म्हणायची. शाळेतही बाईंनी कोणा मुलीचा अर्धवट राहिलेला रुमाल वर्ष संपताना कपाटात राहू दिला नाही. स्वतः बसून पुरा करायच्या आणि मुलीला घरी नेऊन द्यायच्या.

"ही बाई गेली असणार," त्याच संध्याकाळी त्या मनोहररावांना म्हणाल्या. "काम तसंच राहिलं बिचारीचं. ते पुरं करायला पाहिजे."

"तू तिची कोण?" मनोहररावांनी विचारलं. ते कोणाचं वाईट चिंतणारे नव्हेत, पण प्रश्न नेमका विचारायचे.

"कोणी नाही. पण डबा माझ्याकडे आलाय ना?"

आणि बाई लागल्या कामाला. गोधडी पुरी होईपर्यंत मंगळवारच्या रांगेलाही गेल्या नाहीत. जोडकाम पुरं केलं. खाली आपली जुनी सुती साडी घातली, वर चौकोन, आणि आईच्या हातच्या गोधडीला असायचा तसा काठापासून आत आत जाणारा धावदोरा. चिनी घरातल्या चौकोनांची ती गोधडी झाली सासवडची. सर्वांत शेवटी कान. गोधडीच्या चार कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची ठिगळं लावायची, त्यांना आई कान म्हणायची. चारही कान एकाच कापडाचे हवेत, हा तिचा नेम. त्याशिवाय गोधडी अंगावर घ्यायची नाही. आता चौकोनांतून चार सारखे कान कसे निघणार? अख्खं म्हणावं असं कापड डब्यात एकच होतं, ते निळं. शुभाताईंनी ते जमिनीवर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या, मधोमध दोनदा घडी घातली आणि कात्री चालवली. कात्री धारदार होती. त्यांना त्या करकर आवाजाचं सुखच वाटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गोधडी पुरी झाली. मंगळवारी त्या ती घेऊन दुकानात गेल्या, जॉयसला दाखवायला. कोणाला तरी दाखवायलाच हवी होती. घरी इशिता "नाइस" म्हणाली होती आणि मनोहरराव "उबदार आहे" म्हणाले होते. सिंगापूरच्या उकाड्यात उबदार! याला काय कौतुक म्हणायचं?

जॉयसनं गोधडी बघितली आणि तिचा चेहराच उतरला.

"हा त्या डब्यातला माल?" तिनं विचारलं. "डबा ज्या बाईचा, तिची मुलगी येऊन गेली. दोनदा. आई रोज डबा मागते म्हणाली. मला कुठे माहीत तू राहतेस कुठे? नंबर ठेवून गेलीय."

"आई? म्हणजे बाई आहे?"

"आहे तर. जानेवारीत नर्सिंग होममध्ये ठेवली. डोकं चालत नाही नीट. मुलांनी घर रिकामं केलं, त्यात डबा आला."

शुभाताई तिथल्याच एका विकाऊ खुर्चीत बसल्या. जिवंत बाईचं काम आपण गेलेलीचं समजून उरकून टाकलं! आधी त्यांना भयंकर लाज वाटली. मग मनानं एक पळवाट काढली. झालं ते चांगलंच की. म्हातारीचं काम पुरं झालं, आपण तिला नेऊन देऊ, ती खूष होईल. कोणाचं अर्धं राहिलेलं पुरं होऊन हातात आलं तर कोण रागावेल? शाळेतल्या मुली तर आनंदानं उड्या मारायच्या.

रविवारी त्या गोधडी घेऊन नर्सिंग होममध्ये गेल्या. मुलगी, ग्रेस, दारातच भेटली. पन्नाशीची, दमलेली, हातात फळांची पिशवी. तिची आई, मिसेस ओंग, खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. इवलीशी म्हातारी, पांढरे केस कानामागे चापून पिनेनं बसवलेले. मांडीवरच्या टॉवेलची किनार दोन बोटांनी चाचपत होती, पुढे पुढे सरकवत होती. शिवणाऱ्या बाईची बोटं शुभाताईंनी लांबूनच ओळखली.

गोधडी मांडीवर पसरली. मिसेस ओंगनी ती नीट बघितली. उलटी करून टाके बघितले, मान हलवली. "छान शिवलंय," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझा हात चांगला आहे." मग गोधडीची घडी घातली, घडीवर घडी, काठाला काठ लावून, आणि शुभाताईंना परत दिली. "माझं कुठाय? माझं अजून व्हायचंय."

"मा, हे तुझंच आहे," ग्रेस म्हणाली.

"माझं झालं नाही," म्हातारी म्हणाली. "मी निळा कापलाच नाही अजून."

ग्रेसनं गोधडीचा कोपरा हातात घेतला. कानावरच्या अर्ध्या कापलेल्या माशावरून अंगठा फिरवला. "बाबांचा शर्ट," ती म्हणाली. "त्याची पाठ आहे ही. बाकी सगळ्यांचे कपडे तिनं कापले, आमचे शाळेचे, तिचे स्वतःचे. हा मात्र, बाबा गेल्यापासून, सहा वर्षं तसाच ठेवला. शेवटी कापीन म्हणायची. कात्री घ्यायची आणि परत ठेवायची."

म्हणून तर ते कापड अख्खं होतं! शुभाताई कशाबशा "सॉरी" म्हणाल्या.

"इट्स ओके, आंटी. तुम्हाला काय माहीत, लाह," ग्रेस म्हणाली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं शुभाताईंना वाटलं. निदान ऐकून घेता आलं असतं.

घरी येऊन त्यांनी गोधडी उसवायला घेतली. "अगं, वेड लागलंय का? दोन महिन्यांचं काम!" मनोहरराव म्हणाले. टाका घालणं सोपं, काढणं महाकर्मकठीण. जुनं कापड, दोरा ओढला की विरतं. एकेक टाका सुईनं उचलायचा, कापायचा, चिमट्यानं काढायचा. तीन आठवडे लागले. इशिता एकदा येऊन शेजारी बसली, तासभर दोऱ्याचे तुकडे वेचत राहिली. म्हातारीचे स्वतःचे टाके तेवढे शुभाताईंनी राहू दिले. ते ओळखू यायचे, बाईंच्या टाक्यांपेक्षा बारीक होते. चौकोनांचे गठ्ठे पुन्हा रंगाप्रमाणे बांधले. वरच्या जोडकामात, अंदाजानं, अर्ध्या टाक्यात सुई टोचली. आईचं म्हणणं आठवलं, तरी टोचली.

राहिले चार कान. ते त्यांनी उलगडले, इस्त्री केली, कडेला कड लावून जोडले. जितकं बारीक जमेल तितकं बारीक शिवलं. तरी मधोमध शिवणीची फुली दिसायची ती दिसायचीच, आणि फुलीवर आलेल्या माशांची डोकी एकीकडे, शेपट्या एकीकडे.

नर्सिंग होमच्या दारात सिस्टरनं डबा उघडून बघितला आणि पहिली ती सुई काढून घेतली. "सुई, कात्री चालत नाही, मॅडम. नियम आहे." तिच्याशी हुज्जत घालून काय उपयोग? खरं म्हणजे बाईंना मनातून ते पटलंही.

मिसेस ओंगनी डबा ओळखला. झाकणावर हात फिरवून हसल्या. एकेक गठ्ठा काढून टेबलावर मांडला, हिरव्याशेजारी पिवळा, मग बघून बदलला. शुभाताईंच्या जिवात जीव आला. मग म्हातारीनं तळाला हात घातला. निळं कापड बाहेर काढलं, उजेडात धरलं, फुलीवरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवलं.

"हे फाटकं आहे. माझा निळा कुठाय?"

शुभाताईंनी ग्रेसकडे बघितलं. ग्रेस फळं सोलत होती, वर बघेना.

याला आता वर्ष होईल. मंगळवारी पावणेदहाला शुभाताई अजूनही रांगेत असतात, फक्त आता पहिला नंबर लागो की पाचवा, त्यांना फरक पडत नाही. बटणांच्या बाटल्या, लेस, रिळं, काही बघत नाहीत. टोपलीच्या तळाला हात घालतात आणि निळं काही लागलं की ओढून काढतात. जॉयसही निळं दिसलं की बाजूला ठेवते. बरंचसं पोलिस्टर निघतं. एकदा खरोखर मासे मिळाले. निळ्यावर पांढरे, जरा मोठे, पण मासे. पन्नास सेंट. नऊ वर्षांत इतका आनंद त्यांना कशानं झाला नव्हता. कापड नवंकोरं, कडक होतं. त्यांनी ते अकरा वेळा धुतलं, उन्हात टाकलं, चुरगाळलं, मनोहररावांच्या उशीला महिनाभर घातलं. ते तक्रार न करता झोपले त्यावर.

मग एका मंगळवारी ते पिशवीत घालून दुकानातून परस्पर त्या नर्सिंग होममध्ये गेल्या. मिसेस ओंगना त्या कोण ते आठवत नाही. दर वेळी नव्यानं "बस" म्हणतात. शुभाताईंनी कापड मांडीवर ठेवलं. म्हातारीनं ते दोन्ही हातांनी उचललं, चेहऱ्याशी नेलं आणि वास घेतला. म्हातारीनं पुन्हा एकदा वास घेतला. मग कापडाची काठाला काठ लावून घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"चांगलं सुती आहे," ती म्हणाली. "तुझ्या गोधडीला घे."

मग तिनं डब्याच्या तळाला हात घातला, चारही कोपरे चाचपले आणि विचारलं, "निळा कुठाय?"

"शोधते हं," शुभाताई मराठीतच म्हणाल्या.