तळ्यातला सरदार

जुन्या हाडांतून डीएनए काढणारी आमची लॅब चिकलठाण्याला. हाडांना लेबल लावून फ्रीजरमध्ये ठेवता येतं. किस्से मात्र बिनलेबलचे साठतच जातात. चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "प्रज्ञा, तो सरदार सांग!"

दुष्काळात वैजापूरकडच्या एका गावचं तळं आटलं. गाळ काढताना हाडं लागली, मनगटात तांब्याचं कडं. गावानं ठरवूनच टाकलं, हे लढाईत पडलेले सरदार भिवजीराव! त्यांचे वंशज म्हणवणाऱ्या देशमुखकाकांनी समाधीचा बोर्डही रंगवायला टाकला.

"आधी रिपोर्ट येऊ द्या," आमच्या मॅडम म्हणाल्या.

"येऊ द्या की! बोर्डावर त्याला जागा सोडतो!"

*

सॅम्पल म्हणजे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची. काका तोंडच उघडेनात. "वाड्यावर चला, तलवार दाखवतो. थुंकी कशाला?"

"काका, तलवार विकत मिळते!" मॅडम म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात भीमनगरातल्या गयाबाई पुढं आल्या. "माझं बी घ्या. माझ्या आईची आई सांगायची, तळं खांदताना दरड पडली, त्यात आमची बाई गेली."

लोक हसले. मॅडमनी नवी काडी काढली.

*

लॅबशेजारी नवी सोसायटी झालेली. इमारती उभ्या, नळ कोरडे! एक दिवस दहा-बारा बायका रिकाम्या घागरी घेऊन गेटवर. "मेलेल्यांच्या हाडांना अंघोळ, अन् आम्हाला प्यायला नाय?"

खरं तर जुनी हाडं आम्ही धूत नाही. मी समजावायला लागले. मॅडम म्हणाल्या, "लेक्चर नंतर दे. आधी आपल्या लॅबला आलेल्या टँकरचा पाइप तिकडं फिरव."

*

कामाला येतील असे दातच दोन. पहिल्याचा रिझल्ट आला आणि मी ओरडले, "मॅडम, जुळला!"

"कुणाशी?"

लॅबमधल्या सगळ्यांचे डीएनए ताडून बघायला ठेवलेले असतात. जुळला होता माझ्याशीच! माझा मास्क घसरला होता, माझी थुंकी दातावर उडाली होती आणि दात वाया गेला होता.

"सरदारसाहेब," मॅडम म्हणाल्या, "आता फक्त एक दात राहिला."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. दुसरा दात मॅडमनी स्वतः तपासला. तो लॅबमधल्या कुणाशीच जुळला नाही.

*

रिपोर्ट ऐकायला पारावर सगळं गाव जमलं. काका फेटा बांधून, हातात हार घेऊन बसलेले. मॅडमनी सरळ सांगितलं, "हाडं बाईची आहेत. देशमुखांशी नातं लागत नाही. गयाबाईंशी आईकडून नातं जुळतं."

काका उठले आणि त्यांनी हातातला हार गयाबाईंच्या हातात दिला. "घाला बाई. तुमचं माणूस हाय."

पेंटर बोर्डाशी ब्रश घेऊन उभाच होता. "मावशी, भिवजीराव पुसतो. नाव काय लिहू?"

गयाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"तिचं नाव कुणी इचारलं व्हतं? 'हिनं तळं खांदलं' एवढंच लिव्ह. पण लई मोठ्या अक्षरात!"