उस्तादांचा दाणेदार टाय

वर्कशॉपच्या दारात उस्ताद क्षणभर थांबायचे, टायचं टोक शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांमधल्या फटीत खोचायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. ऑफिसच्या जिन्यापाशी गेले की तोच टाय बाहेर काढून तळहाताने सरळ करायचे. फोरमनला वरच्या मजल्यावर साहेबांसमोर टाय लागतो, आणि खाली फिरत्या मशीनपाशी गळ्यातलं लोंबतं टोक जीव घेऊ शकतं. उस्तादांची दिवसातून चार-पाच वेळा वर-खाली फेरी व्हायची, तेवढ्या वेळा हा खेळ चालायचा. "उस्तादांनी टाय गिळला, लागा कामाला," असं टर्नर मंडळी एकमेकांना हळूच सांगायची.

त्या मंडळींत नख्या होता. लेथवर कातलेल्या प्रत्येक लोखंडी तुकड्यावरून तो अंगठ्याचं नख फिरवून बघायचा आणि कुठे खरखर राहिली आहे ते मोजमापाआधीच सांगायचा. नाव उस्तादांनीच ठेवलं होतं.

नोकरीच्या चौथ्या महिन्यात नख्याच्या डाव्या बाहीचं बटण तुटलं होतं. आजचा दिवस निभावून नेऊ, असं म्हणून तो तसाच लेथवर उभा राहिला. बाही फिरत्या लोखंडाला गुंडाळली गेली, हात ओढला गेला, आणि पुढचं त्याला नीट कळायच्या आत उस्तादांनी मशीन बंद केलं होतं. गळ्यातला टाय ओरबाडून काढून त्यांनी तो नख्याच्या कोपराच्या वर करकचून आवळला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या टायचं मोकळं टोक नख्याच्या उजव्या मुठीत होतं. दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून डोळे मिटून तो अंगठा त्या कापडावरून फिरवत राहिला. रेशीम होतं, पण गुळगुळीत नव्हतं. मायक्रोमीटरच्या मुठीवर बोट घसरू नये म्हणून बारीक जाळी कोरलेली असते, तसा त्याला एकसारखा दाणा होता. डॉक्टरांनी टाय कापून ट्रेमध्ये टाकला तेव्हा त्याने डोळे उघडून पाहिलं. काळपट तांबडा.

हात वाचला. त्या हाताने त्याने पुढे एकतीस वर्षं लेथ चालवला, मुलीला सायकल शिकवली, घराला रंग दिला. उस्ताद मात्र त्या दिवसानंतर एक अरुंद, चकचकीत टाय घालून येऊ लागले. नख्याने आभार मानायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "उस्ताद, त्या दिवशी तुम्ही..." एवढं म्हटलं की ते म्हणायचे, "समोर बघ, मशीन चालू आहे." त्यांच्या निरोपसमारंभातही त्याने विषय काढला. "आधी खा, गार होतंय," म्हणाले.

आता उस्ताद चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि खोलीतून अंगणात येईपर्यंत त्यांना धाप लागायची. कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत जुन्या फोरमनांचे फोटो लागणार होते आणि रविवारी फोटोग्राफर त्यांच्या घरी यायचा होता. उस्तादांच्या बायकोने, काकूंनी, नख्याला फोन केला. "तू ये बाबा. ह्यांच्याकडे टाय म्हणून जे आहे ना, ती बुटाची नाडी आहे."

फोन ठेवतानाच नख्याने ठरवलं. ह्या खेपेला बोलायचंच, आणि त्यांनी ते ऐकून घ्यायचं. पुन्हा अशी वेळ येईल न येईल.

दुकानात तो बायकोला घेऊन गेला. विक्रेत्या बाईंनी काचेवर टाय मांडले की तो डोळे मिटायचा आणि अंगठा फिरवायचा.

"साहेब, नख नका लावू. धागा निघेल."

"नख नाही, बोट आहे. हा फार गुळगुळीत. हा जाड आहे, पण दाणा एकसारखा नाही."

"तीन वर्षं शोधून मला पसंत केलं, तेव्हाही असंच चाललं होतं," बायको बाईंना म्हणाली. "बसा तुम्ही. वेळ लागेल."

बाई बसल्या नाहीत. त्यांनाही आता चेव आला होता. त्यांनी सगळ्यात खालचा खण उघडला आणि पातळ कागदात गुंडाळलेले चार टाय काढले. दुसऱ्यावर नख्याचा अंगठा थांबला. तो परत मागे गेला, परत पुढे आला. "हाच," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा आला की बायकोने पुढची थट्टा गिळली. त्या विणीचे टाय चार रंगांत मिळत होते. त्याने काळपट तांबडा घेतला, आणि बाईंकडून गाठ मारायला शिकून आठवडाभर घरी आरशासमोर सराव केला.

रविवारी उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. नख्याने डबी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी टायवरून बोटं फिरवली आणि त्याच्याकडे वर पाहिलं.

काकूंनी चष्मा लावला. "अगं बाई, अगदी हीच वीण. मी घेतला होता तो असाच होता, माझ्या पहिल्या पगारातून. पण तो निळा होता."

"नाही काकू, तांबडा. माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून, ट्रेमध्ये..." बोलता बोलता नख्याच्या ध्यानात आलं, आणि तो थांबला. टाय निळाच असणार; त्या दिवसाआधी त्याने रंगाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. तांबडा त्याच्या रक्ताने झाला होता.

"कसला ट्रे?" काकूंनी विचारलं. "हे तर म्हणाले बसमध्ये हरवला."

नख्याने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं. काकू नवऱ्याकडे वळल्या. "अहो, इतकी वर्षं मी तुम्हाला वेंधळे म्हणत आले. पाहुण्यांसमोरसुद्धा."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला कामावर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग झालं तर."

काकूंनी नख्याची डावी बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत गेलेल्या वणावर त्यांनी हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. "बरं झालं हरवला," त्या म्हणाल्या.

उस्तादांच्या बोटांना आता गाठ जमत नव्हती, म्हणून ती नख्याने मारायला घेतली. पण तो शिकला होता आरशात बघून, स्वतःच्या गळ्यावर. समोरच्या माणसाच्या गळ्यावर सगळंच उलटं झालं. दोनदा गाठ सुटली.

"मागे ये," उस्ताद म्हणाले.

तो खुर्चीच्या मागे गेला आणि खांद्यांवरून दोन्ही हात पुढे घेतले. लेथवर पहिला काप शिकवताना उस्ताद असेच त्याच्या मागे उभे राहिले होते, त्याच्या हातांवर हात ठेवून. आता गाठ बसली. रेशमाला दाणा असल्यामुळे ती सरकत नव्हती, जिथे ठेवली तिथे राहत होती. गाठीखाली बोटाने एक लहानशी खळी पाडताना नख्याला उस्तादांचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्यामुळे बोलणं सोपं झालं.

"उस्ताद, हा हात तुमच्यामुळे आहे. मला एकदा म्हणायचं होतं."

मशीन कुठलंच चालू नव्हतं. खायलाही काही समोर नव्हतं.

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "रोज बघत होतो ना मी तो, काम करताना. बरं वाटायचं." मग त्यांनी टायवरून तळहात फिरवला. "रंग हाही वाईट नाही."

फोटो चांगला आला. फोटोग्राफर गेल्यावरही त्यांनी टाय काढला नाही. चहा घेतला, पेपर चाळला, काकूंनी म्हटलं तरी गाठ सैल करू दिली नाही. नवव्या दिवशी दुपारी, त्याच खुर्चीत, ते झोपेतच गेले.

पण त्या रविवारी हे कुणाला ठाऊक नव्हतं. ऊन उतरल्यावर नख्या निघाला. अंगण ओलांडून तो फाटकाबाहेर पडला, तेव्हा मागून खिडकीतून उस्तादांचा आवाज आला.

"कडी लाव रे, शेजारचं कुत्रं आत येतं."