साडूंची जंगलातली सोबत

माझ्या थोरल्या साडूंइतका हळू गाडी चालवणारा माणूस दोन जिल्ह्यांत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो यांच्याच मागे अडकलेला असेल. आमच्या सावली गावाहून सकाळच्या लग्नाला निघून मुलीच्या पाठवणीला पोचायचं, ही यांची ख्याती. समोर बकरी आली तर हे हॉर्न वाजवत नाहीत; काच खाली करून "चाल माय, बाजू हो" म्हणून तिची समजूत काढतात. वर तोंडाचा पट्टा अखंड चालू, तोही धानावरच्या तुडतुड्याविषयी. शेजारी बसणाऱ्यानं जीव मुठीत धरायची गरज नाही, कान झाकले की पुरे.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची जंगलातली सोबत. आमच्याकडे रात्री एकटा फटफटीवाला वाघाच्या भीतीनं जंगलाच्या तोंडाशी थांबतो आणि एखादी मोठी गाडी आली की तिच्या उजेडात पलीकडे जातो. इतर लोक वाटेत कोणी भेटला तर सोबत देतात. आमचे साडू कोणी भेटेपर्यंत थांबतात. मग फटफटी पुढे आणि हे मागून, वरातीच्या चालीनं.

गेल्या हिवाळ्यात माझा मित्र सुधाकर मस्कतहून यायचा होता. सावलीत त्याच्या आईनं अन्नपाणी सोडलं होतं आणि डॉक्टर सकाळचा भरवसा देत नव्हते. त्याला नागपूरच्या विमानतळावरून आणायचं होतं, आणि त्या रात्री गावात मोकळी गाडी एकच होती. कोणाची, ते सांगायला नको. वाटेतलं मूल गाव सोडताच यांनी नाटकाला निघालेल्या तीन फटफट्या गोळा केल्या. आम्ही पोचलो तेव्हा सुधाकर तासभर बाहेर उभा होता. मी साडूंना जे बोललो, ते बायकोला अजून कळलेलं नाही.

परतताना सिंदेवाही मागे पडली. जंगलाच्या तोंडाशी एकानं फटफटीवरून हात केला. त्याच्या मागे चादरीत गुरफटलेली म्हातारी बसली होती.

"थांबू नका भाऊ," मी म्हणालो.

"बुढी हाय जी त्याच्यासंग."

सुधाकर मागे घड्याळ पाहत बसला होता. साडूंनी आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी जोरात पुढे काढली. सावलीपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत.

आई अजून होती. "आला का बाबू?" म्हणत तिनं सुधाकरचा हात धरला. साडूंना चहाला बोलवायला मी बाहेर आलो, तर ते गाडी वळवत होते.

"कुठी चालले भाऊ?"

"तो मानूस तिथीच उभा असन."

"आतापर्यंत कोनी नेला असन त्याले."

"असन. पन पाहून येतो."

मी शेजारी जाऊन बसलो. थांबू नका म्हणणारा मीच होतो, आणि आता मला त्याची लाज वाटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं. तिथे कोणी नव्हतं. साडू उतरून कडेची माती वाकून पाहू लागले. वाघाचा माग नव्हता. चाकांचा होता, आणि तो सिंदेवाहीकडे परत वळला होता. त्या माणसाला जायचं होतं जंगलापलीकडे मूलला, म्हातारीला घेऊन, एवढ्या रात्री. घरी की दवाखान्यात, ते कळायला मार्ग नव्हता. साडू अजूनही सिंदेवाहीचा कोणी भेटला की तिची चौकशी करतात. नाव विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.