चाकाखालचं ओलं

वरसे गावात कोणाच्या दारात पाहुण्याची गाडी थांबली, की यजमानाच्या आधी जगन हजर. राम राम नाही, काही नाही. हा बाबा सरळ पालथा पडून गाडीखाली बघायचा. बगलेत पुठ्ठा असायचाच. तो आत सारायचा आणि थेंब पडायची वाट बघत बसायचा.

काळा थेंब म्हणजे इंजिन ऑइल, हिरवट म्हणजे रेडिएटरचं कूलंट, एवढं त्यानं मलाही शिकवलं. पण मी एसीची गाडी घेतली आणि त्यानं माझं डोकं खाल्लं. एसी लावला की पुढच्या बाजूला स्वच्छ पाणी ठिबकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो थेंब बोटावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा, आणि जमीन वाळेपर्यंत उठायचा नाही. त्याची बायको हौसा सांगायची, आंघोळीनंतर फरशीवर उमटलेलं स्वतःचं ओलं पाऊलही तो वाकून हुंगतो. गाव हसायचं. कारण माहीत असूनही हसायचं, याचा मला राग येतो; मीही हसलोय.

तरुणपणी जगन रोह्याच्या स्टँडवर जीप चालवायचा. धाकट्या बहिणीला, सगुणाला, सासरी पोचवायला त्यानं स्वतःचीच जीप काढली. आमच्याकडे नवरी निघताना गाडीच्या चाकांवर पाणी घालतात, चाकाखाली नारळ ठेवतात. तसं केलं. मागच्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं, ते त्या पाण्यात मिसळून गेलं. भिसे खिंडीच्या उतारावर ब्रेक दाबला तर पेडल तळाला टेकलं आणि जीप दरडीवर आदळली. बाकीचे वाचले. सगुणा हळदीच्या अंगानं गेली. त्यानंतर जगननं स्टिअरिंगला हात लावला नाही. कंपनीत शिफ्ट करू लागला.

पुढे त्याच्या लेकीचं, मालूचं लग्न कासूकडच्या मुलाशी ठरलं. जगननं व्याह्यांना एकच विनवणी केली होती: चाकांवर पाणी घालू नका. पण निघताना विहीणबाई कृष्णाबाई सवयीनं तांब्या घेऊन पुढे झाल्या. कोणी अडवायच्या आत चारी चाकं भिजली.

जगन फेट्यासकट मागच्या चाकाशी बसला. गाडी हलू देईना. कृष्णाबाई अपशकुन, अपशकुन म्हणू लागल्या, त्यांच्याकडची माणसं घड्याळं बघू लागली. हौसा नवऱ्याला उठवून थकली. शेवटी मालूच शालू सावरत गाडीतून उतरली आणि त्याच्या शेजारी बसली. तिनं ओल्या जमिनीला बोट लावलं, हुंगलं.

"बाबा, पाणी हाय. निस्तं पाणी."

जगन तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्यानं कोणाला न सांगितलेलं मग तो बोलला.

"सगुणानं इचारलेलं गो. दादा, चाकाखाली एवढं ओलं कसं? मी खाली वाकलो बी नाय. पाणी हाय, बस गाडीत, बोललो."

हौसानं तोंडाला पदर लावला. कृष्णाबाईंनी तांब्या खाली ठेवला. मला तर मान वर करवेना. भर मे महिन्याचं ऊन होतं, बघता बघता जमीन सुकली. मालूनं कोरड्या मातीवर तळवा फिरवून त्याला दाखवला.

"वाळलं, बाबा."

"कुठं वाळलंय?" जगन म्हणाला. तो त्या कोरड्या मातीकडे बघत होता, आणि त्याला तिथे ओलं दिसत होतं.

मालू उठली. नवऱ्याला म्हणाली, आपण पॅसेंजर ट्रेननं जाऊ. त्या भल्या पोरानं ड्रायव्हरकडून सामान उतरवून घेतलं. तेव्हा कुठे जगन उभा राहिला आणि मातीचा हात धोतराला पुसून त्यानं लेकीच्या डोक्यावर ठेवला.