मावशीचे अकरा सेकंद

तीन वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकण्याचं काम केलं. तळेगावात, घोरावाडी स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्यांत बसून. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेला की मी कानाला हेडफोन लावायची आणि लॅपटॉप उघडायची. घरात ठेवतात ना तो बोलका स्पीकर, "गाणं लाव, गजर लाव" असं सांगितलं की ऐकणारा, त्याला मराठी नीट कळावं यासाठीचं ते काम होतं. माणूस काय बोलला ते यंत्राने आधीच लिहिलेलं असायचं. ते बरोबर की चूक हे मी ऐकून ठरवायचं. शहरी बोलण्यात त्याची फारशी चूक व्हायची नाही. "न्हाई", "व्हय", "कुटं" आलं की मात्र ते अडखळायचं. मी मूळची इंदुरीची, त्यामुळे असल्या फायली हमखास माझ्याकडे यायच्या. मला त्याचा अभिमान होता. आमच्या मावळातलं बोलणं यंत्राला मी शिकवते, असं मी चारचौघांत सांगत असे.

फायलींवर नाव नसायचं, फक्त आकडा. बहुतेक वेळा कुणी गाणं मागितलेलं असायचं, कुणी हवामान विचारलेलं. पण मधूनच अशी एखादी फाईल यायची, जिच्यात कुणी काहीच मागितलेलं नसे. बोलण्यातला एखादा शब्द यंत्राला आपलं नाव वाटलेला असायचा आणि ते आपलं आपण ऐकू लागलेलं असायचं. एक माणूस रजा कशी मागायची याची एकट्यानेच तालीम करत होता. एक बाई देवापुढे काहीतरी कबूल करत होती. मी ते टाईप करून पुढे जायची. ही कुणाची तरी घरं आहेत, असं मनात येत नसे. मी त्यांना फायली म्हणत होते, आणि फायलीच समजत होते.

एका शुक्रवारी सकाळी फाईल उघडली. आधी कुकरची शिट्टी आली आणि मग आवाज.

"न्हाई वन्सं, तिला कशाला सांगायचं? ती दिसभर कानाला लावून बसलेली असती. डाव्या डोळ्यानं आता तांदळातला खडा बी दिसंना झालाय. पर ताईंना कळलं तर दुसरी बाई बघत्याल."

अकरा सेकंद. यंत्राने "वन्सं"चं "पन्नास" केलं होतं.

ती माझी मावशी होती. मी चौथीत असताना आई गेली, तेव्हापासून मला वाढवणारी. मी लग्न होऊन तळेगावला आले आणि ती लोणावळ्याला एका बंगल्यावर राहायला गेली, स्वयंपाक आणि देखरेख करायला. मालक आणि मालकीणबाई, म्हणजे तिच्या ताई, पुण्याचे, शुक्रवारी यायचे आणि सोमवारी परतायचे. मावशी फोनवर इंदुरीच्या नणंदेशी बोलत होती. आणि जिला काही सांगायचं नव्हतं, ती मी होते.

ओळखीचा आवाज आला तर काय करायचं, याचा नियम मी सही करून मान्य केला होता. एक बटण दाबून फाईल सोडून द्यायची आणि कुणाशी बोलायचं नाही. मी बटण दाबलं. मग हेडफोन काढून ठेवले.

सोपी वाट समोर होती. रविवारी फोन करायचा, "सहज म्हणून डोळे तपासून घेऊ" म्हणायचं, आणि तिला दवाखान्यात न्यायचं. तिला कधीच कळलं नसतं. पण मग तिचं गुपित माझ्याकडे राहिलं असतं, ते माझ्याकडे आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि तो बोलक्या स्पीकरचा डबाही तिच्या ओट्यावर तसाच बसून राहिला असता. तिच्याशी इतक्या लबाडीने मी कधी वागले नव्हते. मी पुढची लोकल पकडून लोणावळ्याला गेले.

मावशी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आधी मागच्या अंगणात चल."

"का गं? पावन्यासारखी आलीस आन मला बाहेर काडतीस?" ती हसली, पण मेथी घेऊन आली. धुण्याच्या दगडाशेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. माझं काम, तो डबा, आज सकाळची फाईल.

तिचे हात थांबले. "म्हंजी तू ऐकलंस?"

"हो."

"समदं?"

"अकरा सेकंद."

"भितींना कान असत्यात, ह्ये मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पर ते आमच्याच पोरीचं निघावं?"

ती पुन्हा मेथी निवडू लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पानं बघत नव्हती, बोटांनी चाचपत होती. किती महिने चाचपत असेल कोण जाणे. मी दर दिवाळीला येऊन तिच्या हातचं जेवून गेले होते.

"आनिक कुनाकुनाचं ऐकतीस?" तिने विचारलं.

"खूप जणांचं."

"तेंना सांगितलंस?"

"ती माणसं कोण, कुठली, मला कळतच नाही मावशी."

"आसं म्हन." तिने पदराला हात पुसले. "मला तरी सांगितलंस. बरं केलंस. आता पुढचं माझं मी बगते."

दुपारी मालकीणबाई गाडीतून उतरल्या. त्यांच्या हातात चहाचा कप देऊन मावशी समोरच उभी राहिली. मालकांसमोर ती एरवी दाराशी उभी राहून बोलायची.

"ताई, दोन गोष्टी हायेत. माजा डावा डोळा अधू झालाय. मी ऑपरेशन करनार. तेवडे दिवस हितलं काम कसं चालवायचं, त्ये आपन दोघी ठरवू. दुसरं, त्यो बोलका डबा माझ्या वट्यावरनं उचला."

"अहो मावशी, तो तर फक्त गाण्यांसाठी आहे."

"मग गान्याच्या खोलीत ठिवा. मी हितं बोलते ती माझी बोलनी हायेत."

ताई माझ्याकडे बघू लागल्या. मी काय काम करते ते त्यांना सांगितलं आणि त्यांच्या फोनमध्ये कुठे बघायचं तेही. त्यांनी उघडलं. आजवर त्या डब्याने टिपलेलं सगळं तारीखवार मांडलेलं होतं. त्यांनी मधलंच एक लावलं. त्यांचा स्वतःचा आवाज आला. आईला कुणी सांभाळायचं यावरून भावाशी वाद चालला होता. त्यांनी ते लगेच बंद केलं आणि खुर्चीत बसल्या.

"मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण विकत मी आणलं. माहीत करून घ्यायला हवं होतं."

माझ्यासमोरच त्यांनी सगळं पुसून टाकलं, बोलणं तपासायला पाठवायची परवानगी बंद केली, आणि डब्याची वायर काढली. दुसऱ्या बाईचा विषय त्यांनी काढला नाही. मावशीने मात्र काढला. तिच्या नणंदेची सून तेवढे दिवस येईल, असं तिनेच ठरवून टाकलं.

ऑपरेशन तळेगावात झालं. मावशी पंधरा दिवस आमच्याकडे होती. पहिले काही दिवस मी खोलीत आले की तिचं फोनवरचं बोलणं थांबायचं. मला ते लागलं, पण तो तिचा हक्क होता. पुढे आपोआप सुरळीत झालं. महिन्याभरात ती पुन्हा बंगल्यावर कामाला लागली, आणि माझ्या कुंकवाची टिकली वाकडी आहे हेही आता तिला लांबूनच दिसतं.

नियम मोडल्याचं मी स्वतःच पर्यवेक्षकाला लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी माझं खातं बंद झालं. मला त्याचा पस्तावा नाही. कामात मी चांगली होते, ती सवय आठवते एवढंच.

आता मी एका कॉलेजच्या बाईंसाठी टाईप करते. त्या मावळातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांचं बोलणं नोंदवतात. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी कोण ऐकणार, कोण लिहिणार, हे त्या सांगतात, आणि समोरचा हो म्हणाला तरच पुढे जातात. परवा कामशेतकडच्या एका आबांनी हो म्हणून तासभर भाताच्या जुन्या वाणांबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाले, "लिवनाऱ्या बाईला म्हनावं, समदं लिव. पर मधी सुनंबद्दल जे बोललो, त्ये गाळ."

मी ते गाळलं.