फोटोपुरती बाहुली

पाळणाघरं मी सात पाहिली. हिंजवडीतल्या टॉवरांखालच्या पाळणाघरांत भिंतीवर ढग, जिराफ, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे, सगळं होतं, आणि फी ऐकून माझी वाचा बसायची. एकीकडे तर संस्कारांचे वेगळे पैसे. संस्कार, दोन वर्षांच्या पोरीला! आम्हाला परवडणारं एकच निघालं, माणच्या रस्त्याला. शेतात मजले चढवून भाड्याने दिलेल्या खोल्या, आणि तळमजल्याच्या हॉलमध्ये घरमालकीणबाई मुलं सांभाळायच्या. आम्ही सगळ्या आया त्यांना काकू म्हणायचो.

आधी जिथं ठेवत होतो तिथं माझी लेक पायरीवरून पडली होती. हनुवटीला टाके पडले. त्यामुळे काकूंना मी एकच गोष्ट दहादा सांगितली, "काहीही करा, पण तिला पडू देऊ नका."

"न्हाई पडायची," काकू म्हणाल्या. "माज्याकडं कुनाला लागत न्हाई."

आणि खरंच कधी लागलं नाही. रोज दुपारी एकला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा. लेक मांडी घालून बसलीय, हातात पिवळ्या फ्रॉकची बाहुली, तोंडभर हसू. जेवणाच्या सुट्टीत मी तो शेजारच्या टेबलवालीला दाखवायचे. तिचा मुलगा महागड्या पाळणाघरात, आणि हातावर कुणाच्या तरी दातांचे वण घेऊन घरी यायचा. मला शिष्टपणा चढला होता, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी घरी मी सहज तिचा फोटो काढायला मोबाईल वर धरला. ती खेळण्यातली गाडी ढकलत होती. मोबाईल दिसताच थांबली, मांडी घालून बसली, शेजारचं कापडी अस्वल उचलून छातीशी धरलं आणि हसली.

"मॉडेल आहे आपली," नवरा म्हणाला.

फोटो काढून मी मोबाईल खाली घेतला. तिचं हसू लगेच गेलं. तिनं अस्वल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "अगं, तुझंच आहे, खेळ की." ती हलली नाही. मी ते कधी काढून घेते याची वाट बघत राहिली. शेवटी मी घेतलं, तेव्हा कुठे तिनं हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

नवरा हसायचा थांबला. 

सोमवारी बँकेत काम आहे असं सांगून मी भर सकाळी ऑफिसातून निघाले आणि न कळवता पाळणाघरात गेले. काकू दारात मेथी निवडत बसल्या होत्या. आत भिंतीला पाठ लावून नऊ मुलं, सगळी मांडी घालून. कुणी रडत नव्हतं. फरशी लख्ख पुसलेली. उंच फळीवर, कुठल्याच मुलाचा हात पोचणार नाही अशी, ती पिवळ्या फ्रॉकची बाहुली.

लेकीनं मला पाहिलं आणि उठली नाही. आधी तिनं काकूंकडे पाहिलं.

मग मी तोंडाला येईल ते बोलले. काकू चिडल्या नाहीत, मेथीही खाली ठेवली नाही.

"खेळली की पळत्यात, पळली की पडत्यात. मी येकटी बाई अन् पोरं नऊ. तुमीच म्हनला व्हता ना ताई, पडू देऊ नका म्हून? बगा, येक ओरखडा तरी हाय का तिच्या अंगावर?"

नव्हता.

मी लेकीला कडेवर घेऊन तरातरा रस्त्यापर्यंत आले. तिथं ट्रॅफिकच्या कडेला उभी राहून विचार करायला लागले, आता कुठे? माझी रजा संपलेली, नवऱ्याचीही. उरलेली सहा पाळणाघरं आठवून झाली. दहा मिनिटं तशीच उभी होते. लाज वाटते सांगायला, पण मी परत फिरले.

"निदान थोडा वेळ तरी खेळू द्या," मी काकूंना म्हटलं.

"बगते," त्या म्हणाल्या.

लेकीला खाली ठेवलं. ती चालत गेली, भिंतीपाशी आपली रिकामी जागा बघून बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसात पोचले आणि एकला फोटो आला. बाहुली, मांडी, तोंडभर हसू. खाली मी नेहमीसारखा अंगठा पाठवला.